अरबी समुद्र ओलांडून आलेली धूळ उपग्रहांच्या नोंदींतून कशी तपासावी

२३ जानेवारी २०२२ च्या रविवारी मुंबई, पुणे आणि उत्तर कोकणाच्या बऱ्याच भागात दिवसभर सूर्य फिका दिसत होता आणि रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाड्यांवर पांढुरकी, पिठासारखी बारीक धूळ साचली होती. आदल्या दिवशी कराचीत जोरदार वारे सुटून धूळ उडाली होती. या दोन गोष्टींचा संबंध त्याच दिवशी जोडला गेला. तो पुराव्यानिशी जोडायचा तर नेमके काय काय तपासावे लागते, हे या लेखात त्याच वादळाच्या आधारे पायरीपायरीने मांडले आहे. लागणारी सर्व माहिती विनामूल्य मिळते. साधा संगणक, बऱ्यापैकी इंटरनेट आणि दोन-तीन संध्याकाळी हाताशी असल्या, तर भूगोलाचा किंवा पर्यावरणशास्त्राचा पदवीचा विद्यार्थी हे काम एकट्याने करू शकतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट असावी. उपग्रहाला थेट धूळ दिसत नाही, त्याला धुळीच्या खुणा दिसतात. खनिज धूळ दृश्य प्रकाश विखुरते, अतिनील किरण शोषते, अवरक्त किरणांतील एका पट्ट्यात शेजारच्या पट्ट्यापेक्षा अधिक शोषण करते, आणि तिचे कण बेढब असल्यामुळे लेसरचा प्रकाश परत पाठवताना त्याचे ध्रुवण (म्हणजे प्रकाशलहरींच्या कंपनाची ठरलेली दिशा) बिघडवते. या चारही खुणांना तोतये आहेत. पातळ ढग दृश्य प्रकाशात धुळीसारखे दिसतात, शेतातल्या आगीचा धूर अतिनील शोषणात धुळीशी बरोबरी करतो, वाळवंटाची उघडी जमीन अवरक्तात धुळीचा आभास निर्माण करते, आणि उंचावरच्या सिरस ढगांतले हिमकणही ध्रुवण बिघडवतात. म्हणून निदान दोन वेगवेगळ्या भौतिक खुणा एकाच जागी आणि जवळपास एकाच वेळी जुळल्याशिवाय आपल्या टिपणात ‘धूळ’ असे लिहू नये. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका नियमाभोवती फिरतात.

तयारी: चौकट आणि घड्याळ

प्रथम नकाशाची चौकट ठरवावी. या वादळासाठी १५ ते ३५ अंश उत्तर अक्षांश आणि ५५ ते ७८ अंश पूर्व रेखांश एवढा भाग पुरतो. त्यात इराण-अफगाणिस्तान सीमेवरचे सिस्तान, बलुचिस्तान, मकरानची किनारपट्टी, सिंध, थर, सौराष्ट्र आणि कोकण सारे येतात. तारखा मात्र वादळाच्या दोन दिवसांपुरत्या घेऊ नयेत. १८ ते २५ जानेवारी असा आठवडा घ्यावा, कारण वादळाआधीचे स्वच्छ दिवस तुलनेसाठी लागतातच. नवशिक्या अभ्यासकाचे बहुतेक चुकीचे निष्कर्ष ही तुलना गाळल्यामुळे निघतात.

दुसरी बाब वेळेची. उपग्रहांच्या सगळ्या नोंदी जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि आपले घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे चालते. इन्सॅटच्या फाइलच्या नावात ‘२३ जानेवारी २०२२’ पुढे ‘०६००’ लिहिलेले दिसले, तर ते चित्र सकाळी सहाचे नसून आपल्याकडील साडेअकराचे असते. प्रदूषण मंडळाचे आकडे भारतीय वेळेत आणि विमानतळांच्या नोंदी जागतिक वेळेत असल्यामुळे, एका तक्त्यात दोन्ही रकाने शेजारी शेजारी ठेवूनच कामाला लागावे.

साधने मोजकीच आहेत. नासाचे वर्ल्डव्ह्यू हे संकेतस्थळ खाते न उघडता वापरता येते. मूळ फाइली उतरवायच्या असतील तर नासाच्या अर्थडेटावर, युरोपीय हवामान उपग्रह संस्था युमेटसॅटवर आणि इस्रोच्या अहमदाबाद येथील अंतराळ उपयोग केंद्राच्या मॉसडॅकवर विनामूल्य नोंदणी करावी. नकाशे काढायला क्यूजीआयएस, फाइल उघडून आत काय आहे ते पाहायला नासाचे पॅनोप्लाय, आणि पायथॉन येत असेल तर सॅटपाय ही लायब्ररी, एवढे पुरेसे आहे.

पहिली पायरी: डोळ्यांना दिसणारे चित्र

वर्ल्डव्ह्यूवर २२ आणि २३ जानेवारीची नैसर्गिक रंगातील चित्रे उघडावीत. टेरा उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास आणि ॲक्वा दुपारी दीडच्या सुमारास माथ्यावरून जात असे. सुओमी एनपीपी आणि नोआ-२० हे दोघे दुपारचेच, एकाच कक्षेत परस्परांपासून सुमारे पन्नास मिनिटांच्या अंतराने फिरणारे उपग्रह होते. समुद्राच्या गडद पार्श्वभूमीवर धुळीचा पट्टा मातकट, तलम आणि वाऱ्याच्या दिशेने ओढल्यासारखा दिसतो, तर ढगांना कडा आणि पोत असतो. जमिनीवर मात्र ही ओळख फसवी ठरते. सिंध किंवा कच्छच्या फिकट जमिनीवर त्याच रंगाची धूळ तरंगत असली तरी ती दिसत नाही. तेव्हा चित्रात पट्टा किनाऱ्यापाशी ‘सुरू होतो’ असे वाटले, तर धूळ तिथेच उठली असे समजू नये. बहुधा ती तिथून पुढे फक्त दिसू लागलेली असते.

याच चित्रांतून वेगाचा पहिला अंदाज मिळतो. पट्ट्याची पुढची कड सकाळच्या आणि दुपारच्या चित्रात खुणावून मधले अंतर मोजावे आणि तासांनी भागावे. कराची ते मुंबई हे सरळ रेषेतले अंतर सुमारे ९०० किलोमीटर आहे. ताशी ३५ ते ४० किलोमीटर वेगाने सरकणाऱ्या हवेला ते कापायला साधारण एक दिवस लागतो. कडेचा मोजलेला वेग याच्या आसपास आला, तर २२ ची कराची आणि २३ ची मुंबई हे गणित निदान अशक्य राहत नाही. यापेक्षा मोठा निष्कर्ष या पायरीवर काढू नये.

समुद्रावरची चकाकीही लक्षात ठेवावी. सूर्याचे प्रतिबिंब सकाळच्या उपग्रहाला आपल्या मार्गाच्या पूर्वेला आणि दुपारच्या उपग्रहाला पश्चिमेला दिसते. तो रुपेरी पट्टा धुळीसारखा भासू शकतो. दोन्ही वेळची चित्रे शेजारी ठेवली की चकाकी जागा बदलते आणि शंका मिटते.

दुसरी पायरी: अवरक्तातील तापमानांचा फरक

सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्यावा, कारण रात्रंदिवस चालणारी आणि दर पंधरा मिनिटांनी नवे चित्र देणारी ही एकच खूण आहे. जानेवारी २०२२ मध्ये हिंदी महासागरावर नजर ठेवायला ४१.५ अंश पूर्वेला युमेटसॅटचा मेटिओसॅट-८ हा भूस्थिर, म्हणजे पृथ्वीवरून पाहता एकाच जागी राहणारा, उपग्रह होता. त्याच वर्षीच्या जूनपासून त्याची जागा ४५.५ अंशांवरच्या मेटिओसॅट-९ ने घेतली. त्यावरील कॅमेऱ्याचे ८.७, १०.८ आणि १२.० मायक्रॉनचे तीन पट्टे आपल्याला हवे आहेत.

मूळ तत्त्व सोपे आहे. धुळीतील सिलिकेट खनिजे १०.८ मायक्रॉनच्या आसपास १२ मायक्रॉनपेक्षा जास्त शोषण करतात. त्यामुळे धुळीच्या थरातून पाहताना १०.८ चा पट्टा खालच्या उबदार पृष्ठभागाऐवजी वरचा थंड थर अधिक पाहतो, आणि त्याचे तापमान १२ च्या पट्ट्यापेक्षा कमी भरते. बाष्प आणि हिमकण नेमके याच्या उलट वागतात. युमेटसॅटची ‘डस्ट’ रंगचित्रे याच फरकावर बेतलेली आहेत. लाल रंगासाठी १२.० मधून १०.८ वजा करून उणे ४ ते अधिक २ केल्विन ही मर्यादा, हिरव्यासाठी १०.८ मधून ८.७ वजा करून ० ते १५ केल्विन आणि २.५ गॅमा (म्हणजे पट्टीवर आलेल्या संख्येचा १/२.५ वा घात), निळ्यासाठी नुसते १०.८ चे तापमान २६१ ते २८९ केल्विन या मर्यादेत घेतले जाते.

हे एका पिक्सेलवर हाताने करून पाहणे फायद्याचे असते. समजा, समुद्रावरच्या एका पिक्सेलमध्ये १०.८ चे तापमान २८३.० केल्विन, १२.० चे २८४.२ आणि ८.७ चे २८२.० आहे. लाल रंगासाठी फरक १.२ येतो, आणि उणे ४ ते २ या पट्टीवर तो ०.८७ ठरतो. हिरव्यासाठी फरक १.० येतो, त्याला १५ ने भागून गॅमा लावला की ०.३४ मिळतात. निळ्यासाठी २८३ मधून २६१ वजा करून २८ ने भागले की ०.७९. लाल आणि निळा भरपूर, हिरवा कमी, म्हणजे ठळक गुलाबी-जांभळा रंग. आता शेजारच्या स्वच्छ पिक्सेलमध्ये १०.८ चे तापमान २९२, १२.० चे २९०.५ आणि ८.७ चे २९० असेल, तर लाल ०.४२, हिरवा ०.४५ आणि निळा पूर्ण १ येतो, आणि तो पिक्सेल निळा दिसतो. हे गणित एकदा वहीत केले की चित्रातला गुलाबी रंग कशामुळे आला आणि कोणत्या कारणाने फसवू शकतो हे कायमचे समजते. नुसता तयार रंग पाहणाऱ्याला ते समजत नाही.

फसगतीची कारणे मुख्यतः दोन आहेत. पहिले, वाळूने झाकलेल्या जमिनीचे स्वतःचे उत्सर्जन धुळीसारखेच असते, म्हणून राजस्थान-सिंधच्या वाळवंटात हवा स्वच्छ असतानाही हलकी गुलाबी झाक येते. यावर उपाय असा, की वादळाआधीच्या तीन-चार निरभ्र दिवसांची त्याच तासाची सरासरी काढून ती वादळाच्या दिवसातून वजा करावी. सकाळी नऊचे चित्र सकाळी नऊच्याच सरासरीशी ताडावे, दुपारच्या नव्हे, कारण जमीन तापली की फरकाचे आकडे बदलतात. दुसरे कारण बाष्पाचे. हवेत बाष्प जास्त असले की १०.८ आणि १२.० मधला फरक पुन्हा बाष्पाच्या बाजूला झुकतो आणि पातळ धूळ चित्रातून नाहीशी होते. जानेवारीत वायव्येकडून येणारी हवा कोरडी असल्यामुळे ही अडचण सौम्य असते.

आपल्या इन्सॅट-३डी आणि ३डीआर या उपग्रहांवर ८.७ चा पट्टा नाही. त्यामुळे हिरवा घटक मिळत नाही आणि हेच रंगचित्र जसेच्या तसे तयार करता येत नाही. तरी १०.८ आणि १२.० मधला फरक काढता येतो. दोन्ही उपग्रह प्रत्येकी अर्ध्या तासाने चित्र घेतात आणि भारतावर त्यांची नजर मेटिओसॅटपेक्षा सरळ पडते, म्हणून कोकण किनाऱ्याचा तपशील पाहायला ते चांगले. सॅटपायमध्ये मेटिओसॅटसाठी ‘डस्ट’ हे रंगचित्र तयारच मिळते. इन्सॅटसाठी वजाबाकी स्वतः करावी.

पंधरा मिनिटांच्या चित्रांची मालिका चालवून पाहावी आणि गुलाबी पट्टा प्रथम कुठे, किती वाजता उमटतो ते लिहून घ्यावे. उगमाचा सर्वांत चांगला पुरावा तो पहिला क्षण देतो. दिवसातून एकदाच जाणाऱ्या उपग्रहाला तो सहसा सापडत नाही. वर ढग असतील तर पुढे कितीही हुशारी केली तरी खालचे काही दिसत नाही. पश्चिमी विक्षोभासोबत (पश्चिमेकडून येणाऱ्या हिवाळी पावसाळी हवामानप्रणालीसोबत) येणाऱ्या वादळात हे नेहमीचेच आहे, आणि तसे टिपणात स्पष्ट नोंदवावे.

तिसरी पायरी: अतिनील शोषणाचा निर्देशांक

१९७८ मध्ये निंबस-७ वर ओझोन मोजायला पाठवलेल्या टॉम्स या उपकरणाच्या नोंदींतून हा निर्देशांक निघाला. पुढे २००२ मध्ये जोसेफ प्रॉस्पेरो आणि सहकाऱ्यांनी त्याच नोंदींच्या आधारे जगातील धुळीच्या उगमांचा नकाशा मांडला. मोठे उगम कोरड्या प्रदेशातील सखल जागी, बहुधा आटलेल्या तलावांच्या तळाशी असतात, हे त्यातून ठसठशीतपणे पुढे आले. सिस्तानमधील हामून तलावांचे आटलेले तळ या वर्णनात नेमके बसतात.

आज हा निर्देशांक सेंटिनेल-५पी वरील ट्रोपोमी उपकरणाकडून साधारण ५.५ बाय ३.५ किलोमीटर इतक्या बारकाईने मिळतो. गूगल अर्थ इंजिनावर त्याचा संग्रह तयार आहे. दोन तारखांची चौकट आणि चार-पाच ओळी लिहिल्या की नकाशा येतो. स्पष्टपणे धन असलेला आकडा म्हणजे अतिनील शोषणारे काहीतरी हवेत आहे. ते धूळ असेल किंवा धूर. समुद्री मीठ आणि सल्फेट इथे जवळजवळ दिसत नाहीत, हा या खुणेचा मोठा गुण. शिवाय चकाकत्या वाळवंटावरही ती चालते, म्हणजे पहिल्या पायरीतला दोष इथे भरून निघतो.

पण हा निर्देशांक धुळीचे प्रमाण सांगत नाही. धूळ जितकी उंच, तितका आकडा मोठा. जमिनीलगत साचलेली दाट धूळ लहान आकडा देते आणि चार किलोमीटरवरची विरळ धूळ मोठा. मुंबईवर निर्देशांक कमी दिसला म्हणून हवा निवळली, असे मानणे म्हणूनच धोक्याचे. समुद्रावरची सूर्याची चकाकी इथेही खोटा धन आकडा देते.

चौथी पायरी: किती आणि किती मोठे कण

प्रमाणासाठी एरोसोलची, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांची, प्रकाशीय जाडी पाहावी; हे कण थेट सूर्यप्रकाश किती अडवतात ते ती सांगते. तिला एकक नसते. जाडी १ असेल आणि सूर्य बरोबर डोक्यावर असेल, तर थेट सूर्यप्रकाशाचा सुमारे ३७ टक्के भाग खाली पोहोचतो. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबईत भर दुपारीही सूर्य डोक्यापासून साधारण ३८ अंश कललेला असतो. मार्ग लांबल्यामुळे तीच जाडी थेट प्रकाश सुमारे २८ टक्क्यांवर आणते. फिकट सूर्याचे कारण एवढे साधे आहे.

नासाच्या गोडार्ड केंद्रातील क्रिस्टिना सू यांच्या गटाने २००४ मध्ये मांडलेली ‘डीप ब्लू’ पद्धत वाळवंटासाठी उपयोगाची ठरते. लाल प्रकाशात झगझगणारी वाळू गडद निळ्या, ४१२ नॅनोमीटरच्या पट्ट्यात काळसर दिसते, आणि तिथे धूळ वेगळी काढता येते. सुओमी एनपीपी आणि नोआ-२० वरील व्हीआयआयआरएस उपकरणाच्या डीप ब्लू उत्पादनात प्रकाशीय जाडीसोबत एरोसोलचा प्रकारही दिलेला असतो, आणि तो थर वर्ल्डव्ह्यूवर थेट उघडतो. त्यावर विसंबण्याआधी गुणवत्तेचा निर्देशक तपासावा. विशेषतः वादळाच्या गाभ्यात जिथे आकडाच नाही, ती जागा स्वच्छ समजू नये. फार दाट धुळीला संगणक अनेकदा ढग समजून वगळतो, त्यामुळे सर्वांत वाईट जागीच नकाशात भोक पडलेले असते.

कणांचा आकार ॲन्गस्ट्रॉम घातांकातून कळतो. दोन तरंगलांबींवरच्या जाडींच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम घेऊन त्याला तरंगलांबींच्या गुणोत्तराच्या लॉगॅरिदमने भागावे आणि चिन्ह बदलावे. ४४० नॅनोमीटरवर ०.९० आणि ८७० वर ०.७८ जाडी असेल तर घातांक ०.२१ येतो, म्हणजे कण मोठे, धुळीला साजेसे. ४४० वर तेच ०.९० पण ८७० वर ०.३५ असेल तर १.३९ येतो, आणि तो धूर किंवा शहरी प्रदूषण सुचवतो. उत्तर भारतातील हिवाळी धुरके आणि पश्चिमेची धूळ जिथे एकमेकांत मिसळतात, तिथे घातांक मधल्या आकड्यांवर रेंगाळतो. तेव्हा ‘मिश्र’ असे लिहिण्यात कमीपणा नाही. अतिनील निर्देशांक मोठा आणि घातांक लहान, ही जोडी मात्र धुळीच्या बाजूने चांगली साक्ष देते.

पाचवी पायरी: उंची

आतापर्यंतचे सगळे आकडे हवेच्या संपूर्ण स्तंभाचे होते. माणूस श्वास घेतो तो स्तंभाच्या तळाशी, म्हणून धूळ कोणत्या उंचीवर आहे हे कळल्याशिवाय आरोग्याविषयी काही बोलू नये. जानेवारी २०२२ मध्ये कॅलिप्सो उपग्रह कार्यरत होता. २००६ मध्ये सोडलेल्या या उपग्रहाचे वैज्ञानिक काम १ ऑगस्ट २०२३ रोजी थांबले, पण त्याचा संग्रह खुला आहे. तो ५३२ आणि १०६४ नॅनोमीटरचा लेसर खाली सोडून परतलेला प्रकाश मोजत असे, आणि ५३२ वर ध्रुवण किती बिघडले तेही पाहत असे. गोल थेंब ते फारसे बिघडवत नाहीत, धुळीचे बेढब कण बिघडवतात.

आपल्या चौकटीतून २१ ते २४ जानेवारी दरम्यान त्याचा मार्ग कुठून गेला ते आधी नकाशावर पाहावे. लेसरचा ठसा जमिनीवर शंभर मीटरांच्या आतबाहेर इतका अरुंद आणि दोन मार्गांमधले अंतर शेकडो किलोमीटर, त्यामुळे तो आपल्या पट्ट्यावरून गेलाच असेल याची खात्री नसते. मार्ग जुळला तर रात्रीची फेरी आधी पाहावी. दिवसा सूर्यप्रकाशामुळे नोंदीत गोंगाट वाढतो. कॅलिप्सोच्या वर्गीकरणात ‘धूळ’, ‘प्रदूषित धूळ’ आणि समुद्रावरच्या ओलसर थरातील ‘धुळीचे सागरी’ मिश्रण असे वेगळे प्रकार आहेत. अरबी समुद्रावर तिसरा प्रकार दिसला तर गोंधळून जाऊ नये, धूळ खाली उतरून समुद्री हवेत मिसळत आहे असा त्याचा अर्थ.

सहावी पायरी: उगम आणि मार्ग

अमेरिकेच्या नोआ संस्थेचे हायस्प्लिट हे हवेचा मार्ग काढणारे प्रारूप (संगणकीय मॉडेल) संकेतस्थळावरूनच चालवता येते. मुंबईच्या अक्षांश-रेखांशावर २३ जानेवारीच्या दुपारपासून मागे ७२ तास, जमिनीपासून ५००, १,००० आणि २,००० मीटर अशा तीन उंचींचे मार्ग काढावेत. तिन्ही मार्ग वायव्येकडे वळतात का, की एखादा पार वेगळीकडे जातो, हे पाहावे. एका रेषेवर भरवसा ठेवण्यापेक्षा समूहाचा पर्याय निवडावा. त्यात प्रारंभीची हवामानस्थिती किंचित सरकवून २७ मार्ग काढले जातात, आणि त्यांचा पसारा किती आहे यावरून खात्री किती ते कळते.

मागचा मार्ग हवा कुठून आली ते सांगतो, धूळ कुठे उठली ते नाही, आणि अनेक अहवालांत हे दोन प्रश्न एकच मानले जातात. धूळ उठण्यासाठी जमीन कोरडी, उघडी आणि वारा एका मर्यादेपलीकडे असावा लागतो. जमिनीच्या पोतानुसार ही मर्यादा बदलते. आधी वाळूचे जाड कण उड्या मारू लागतात आणि त्यांच्या आघाताने बारीक धूळ सुटते. म्हणून मार्ग ज्या प्रदेशावरून गेला तिथल्या विमानतळांच्या तासातासाच्या हवामान नोंदी काढाव्यात. आयोवा स्टेट विद्यापीठाच्या संग्रहात त्या मिळतात. ‘२९०२५केटी’ अशी नोंद म्हणजे पश्चिम-वायव्येकडून २५ नॉट, ताशी सुमारे ४६ किलोमीटर वारा. तिच्या पुढे दृश्यमानता मीटरमध्ये आणि नंतर हवेच्या स्थितीचे संक्षेप येतात: ‘बीएलडीयू’ म्हणजे उडती धूळ, ‘डीयू’ म्हणजे पसरलेली धूळ, ‘एचझेड’ म्हणजे धुरके. कराची, मग सौराष्ट्रातील विमानतळ, मग मुंबई अशा क्रमाने दृश्यमानता घसरत गेली, तर तो क्रम उपग्रहावर अजिबात अवलंबून नसलेला पुरावा ठरतो, आणि म्हणून फार मोलाचा.

उगम म्हणून केवळ ओसाड वाळवंटाकडेही बोट दाखवू नये. पॉल जिनू आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये डीप ब्लूच्या नोंदींवरून केलेल्या अंदाजानुसार जगातील धूळ-उत्सर्जनाचा सुमारे २५ टक्के भाग शेती, चराई, पाण्याचा उपसा अशा मानवी वापराच्या जमिनीतून येतो. सिंधू नदीच्या खोऱ्यात हा मुद्दा विशेष लागू पडतो. खनिजांवरून उगम ओळखायचा असेल तर जुलै २०२२ पासून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर असलेल्या इमिट उपकरणाचे कोरड्या प्रदेशांतील मातीचे खनिज-नकाशे आता हाताशी आहेत. आपले वादळ त्याआधीचे असले तरी माती तीच आहे.

सातवी पायरी: जमिनीवरची साक्ष

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावरून मुंबई-पुण्यातील केंद्रांचे तासाचे पीएम १० आणि पीएम २.५ (अनुक्रमे १० आणि २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे प्रमाण) उतरवावेत. एरवीच्या हिवाळ्यात शहरात धुराचा वाटा मोठा असल्यामुळे पीएम २.५ चे पीएम १० शी गुणोत्तर बऱ्यापैकी असते. वाळवंटी धूळ आली की पीएम १० झपाट्याने चढतो आणि गुणोत्तर घसरते. त्यामुळे नुसता वाढलेला आकडा न पाहता, त्याच केंद्राच्या आदल्या आठवड्यातील गुणोत्तराशी तुलना करावी. एकाच केंद्रावर वाढ असेल तर बाजूचे बांधकाम तपासावे. शहरभर काही तासांच्या आत एकत्र वाढ झाली असेल तर कारण बाहेरचे असण्याची शक्यता बळावते. या दोन प्रदूषकांची चोवीस तासांची भारतीय मानके अनुक्रमे १०० आणि ६० मायक्रोग्रॅम प्रतिघनमीटर आहेत. वादळी दिवसाचा आकडा सांगताना तो तासाचा आहे की चोवीस तासांचा, हे लिहिल्याशिवाय मानकाशी तुलना करू नये.

एरोनेट या सूर्यप्रकाशमापकांच्या जागतिक जाळ्यात कराची आणि पुणे दोन्ही ठिकाणी केंद्रे आहेत. त्या केंद्रांची त्या दिवसांची नोंद उपलब्ध असेल तर प्रकाशीय जाडी आणि ॲन्गस्ट्रॉम घातांक थेट मिळतो, आणि उपग्रहाच्या आकड्याला आरसा मिळतो. ढग गाळलेली १.५ पातळी किंवा अंतिम तपासणी झालेली २.० पातळीच वापरावी.

प्रारूपांकडे शेवटी वळावे

युरोपची कॅम्स सेवा आणि नासाचे मेरा-२ पुनर्विश्लेषण (जुन्या नोंदी प्रारूपात बसवून काढलेले हवामानाचे चित्र) तासातासाची धूळ सुंदर नकाशांत दाखवतात, आणि नेमके म्हणूनच ती शेवटी उघडावीत. दोन्ही प्रारूपे उपग्रहाने मोजलेली प्रकाशीय जाडी आत घेतात. ती जाडी आपण चौथ्या पायरीत वापरलीच आहे, त्यामुळे प्रारूप जुळले हा स्वतंत्र पुरावा होत नाही. शिवाय त्या जाडीतील धूळ किती आणि धूर किती, ही वाटणी बरीचशी प्रारूपाच्या गृहीतांवर होते. ढगांखालची पोकळी भरायला आणि उंचीचा अंदाज घ्यायला मात्र त्यांचा चांगला उपयोग होतो.

निष्कर्ष कसा लिहावा

टिपणात प्रत्येक विधानासमोर ते कोणत्या खुणेवर उभे आहे ते लिहावे: समुद्रावरचा पट्टा रंगावर आणि अवरक्तावर, उगमाची वेळ भूस्थिर मालिकेवर, मार्ग हायस्प्लिट आणि विमानतळांवर, श्वासातली धूळ पीएमच्या गुणोत्तरावर. जिथे एकच खूण आहे तिथे ‘शक्यता’ लिहावे. ‘पाकिस्तानची धूळ’ असा मथळा वर्तमानपत्राला सोयीचा असतो, पण मार्ग तीन देशांवरून गेला असेल आणि पहिली गुलाबी छटा ढगाआड राहिली असेल, तर ‘वायव्येकडील कोरड्या प्रदेशातून, मकरान-सिंध किनाऱ्यावरून’ एवढेच म्हणणे रास्त.

हीच कार्यपद्धती उन्हाळ्यात वापरताना काही फेरफार लागतात. मे ते जुलै दरम्यान अरबस्तान आणि इराककडून शमाल वाऱ्यांबरोबर येणारी धूळ अरबी समुद्रावर फार मोठ्या प्रमाणात असते. व्ही. विनोज आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले, की ती धूळ हवा तापवून आठवडाभराच्या कालावधीत भारतातील मोसमी पावसावर परिणाम करू शकते. त्या काळात समुद्रावर बाष्प भरपूर असल्यामुळे अवरक्तातला फरक दुबळा पडतो. तेव्हा अतिनील निर्देशांकाला आणि कणांच्या आकाराला अधिक वजन द्यावे. उंचीसाठी कॅलिप्सो आता नाही. मे २०२४ मध्ये सोडलेल्या अर्थकेअर उपग्रहाचा लेसर त्या जागी वापरता येतो, पण तो ३५५ नॅनोमीटरवर चालतो. ध्रुवणाचा बिघाड तरंगलांबीनुसार बदलत असल्यामुळे कॅलिप्सोच्या ५३२ वरच्या मर्यादा त्याला तशाच लावू नयेत, आणि दोन्ही उपग्रहांची वर्षे एका आलेखात जोडताना ती रेघ तिथे तोडूनच काढावी.